वाटाणा गल्लीतली बंद झडप

फोन आला तेव्हा हेल्वे काळ्या पावाला लोणी लावत होती.

"बाई, वाटाणा गल्लीत या," उर्मास म्हणाला. "साल्मे म्हातारीच्या घरात वरच्या मजल्यावर एक बाई मेलीय. पाहुणी. नवऱ्याबरोबर थंडीची सुट्टी घालवायला आली होती."

"कशाने?"

"खोली तापवायच्या भट्टीने. धुराड्याची झडप लवकर लावली."

हेल्वेने सुरी खाली ठेवली. तार्तू शहरात दर हिवाळ्यात असं एखादं मरण होतंच. ऊब वाया जाऊ नये म्हणून निखारे विझायच्या आत कुणीतरी झडप लावून टाकतं. ऊब खोलीत राहते आणि वायूही खोलीत राहतो. त्याला ना वास, ना धूर. झोपलेला माणूस उठत नाही.

"कुणी लावली?"

"म्हातारी म्हणते, मीच लावली असणार."

"लावली असणार म्हणजे?"

"तिला आठवत नाही, बाई."

हेल्वे तपास खात्यात म्हातारी झाली होती. पुढच्या वर्षी निवृत्ती. कोट घालताना तिला वाटलं, हे प्रकरण कागदावर दुपारपर्यंत संपेल. नवल करण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

घर लाकडी होतं, दुमजली. जिना कुरकुरत होता. वरच्या दारासमोर चिंध्यांचं पायपुसणं होतं आणि त्यावर पुरुषाचे बूट ठेवलेले होते. नडगीपर्यंत नाड्यांचे, जाडजूड, हिवाळ्याचे. टाचेला टाच जुळवून. खाली वितळलेल्या बर्फाचं लहानसं डबकं झालं होतं.

हेल्वेने भिंतीचा आधार घेऊन आपलेही बूट काढले. आत उर्मास मोज्यांवर उभा होता. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"बायको मोजे शिवत नाही वाटतं," हेल्वे म्हणाली.

"बायको म्हणते, तू कुणाच्या घरात जाऊन बूट काढायचं बंद कर."

"आणि?"

"जमत नाही, बाई. आपली माणसं घराला आग लागली तरी बूट काढूनच आत शिरतील."

हेल्वे हसली. मग पलंगाजवळच्या बाईकडे पाहून तिचं हसू गेलं.

ती बाई, काइरे, चाळिशीची असेल. पलंगापासून हातभर अंतरावर, गालिच्यावर कुशीवर पडली होती. गाल गुलाबी होते, नुकतीच बर्फातून फिरून आल्यासारखे. हा वायू माणसाला मारतो आणि वर रंग चढवून ठेवतो. एक हात दाराच्या दिशेने लांबवलेला होता.

"शेवटी जाग आली असणार," उर्मास म्हणाला.

दारापासून तिच्यापर्यंत मोठ्या बुटांचे ओले, मळके ठसे होते. "हे कुणाचे?"

"रुग्णवाहिकेवाल्यांचे. ते काही काढत नाहीत."

बाकीची फळ्यांची जमीन कोरडी होती.

कोपऱ्यात भट्टी होती. छतापर्यंत गेलेली, पांढऱ्या चकचकीत फरश्यांची. हात लावला तर अजून गरम. वर, डोक्याच्या उंचीवर, भट्टीच्या भिंतीतून तीन लोखंडी मुठी बाहेर आल्या होत्या, तिन्ही सारख्या. एक काजळी काढायच्या कप्प्याची, एक खोलीत हवा खेळवायची, एक धुराड्याच्या झडपेची. कोणती कशाची ते वरून कळत नव्हतं.

"झडप बंदच सापडली?"

"घट्ट बंद. रुग्णवाहिकेतला एक जण भट्टीच्या घरात वाढलेला. त्याने ओळखून ओढून उघडली. हातमोजे घालून, त्यामुळे बोटांचे ठसे गेले."

"गेले म्हणजे गेलेच."

"गेलेच, बाई."

खालच्या स्वयंपाकघरात साल्मे चुलीशेजारी बसली होती. ऐंशी ओलांडलेली, अंगाने चिमणीएवढी. मांडीवर हात ठेवले होते, तळवे वर करून, जणू कुणी त्यांची तपासणी करणार होतं.

"साल्मेमावशी, मी हेल्वे. पोलिसांकडून आले."

"बरं केलंस, पोरी. मला घेऊन चल."

"आधी सांगा तर काय झालं."

"भट्टी मीच पेटवते. पाहुण्यांना हात लावू देत नाही. अंधार पडायच्या सुमाराला पेटवली. मग निखारे झाले की वर जायचं, बघायचं, निळी ज्योत गेली की झडप लावायची. आयुष्यभर केलंय."

"काल वर गेलात?"

"गेले."

"निखारे कसे होते?"

साल्मेचे ओठ हलले. "लाल होते. मी म्हटलं, थोड्या वेळाने येते. ती पोरगी झोपली होती. डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन झोपली होती. मी पाऊल न वाजवता खाली आले."

"मग पुन्हा गेलात?"

"ते मला…" म्हातारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "गेले असेन. लाल असतानाच लावली असेन. दुसरं कोण लावणार? घरात दुसरं कोण होतं?"

टेबलावर जवाच्या खिरीची वाटी होती, तिच्यावर साय धरली होती. शेजारीण सकाळी ठेवून गेली होती. साल्मेने चमचा उचलला नव्हता.

"दोन घास खा, मावशी."

"ती खाणार आहे का?" साल्मे म्हणाली.

हेल्वे बाहेर आली तेव्हा उर्मास फोन बंद करत होता. "सरकारी वकील म्हणताहेत, सरळ प्रकरण आहे. निष्काळजीपणाने मृत्यू. म्हातारीने कबूल केलंय. तुरुंगात पाठवणार नाहीत, वय बघून. पण खटला होणार. निकालात तिचं नाव लागणार."

"नावाचं सोड. ती ते घेऊन मरेल. जेवायची थांबलीच आहे."

"मग काय करायचं?"

"तिने लावली की नाही ते शोधायचं. लावली असेल तर लावली. पण 'असेल' एवढ्यावर मी तिला मरू देणार नाही."

काइरेचा नवरा तार्मो शेजारणीकडे, तिने दिलेल्या सपाता घालून बसला होता. त्याला साल्मेच्या स्वयंपाकघरात बोलावलं. साल्मेला आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. तार्मो चुलीशेजारच्या बाकावर बसला. उंच, खांदे पडलेला, डोळे सुजलेले. हेल्वेने त्याला कॉफी दिली. त्याने कप दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

"तुम्ही कुठले?"

"तालिनचे. नव्या वस्तीतल्या फ्लॅटमधले. दर फेब्रुवारीत इथे येतो, चार-पाच वर्षं झाली. याच खोलीत."

"इथेच का?"

"काइरेला भट्टी आवडायची. तिच्याकडे पाठ करून बसायची, मांजरीसारखी."

"साल्मेमावशी कशा वाटल्या यंदा?"

"थकल्यात. पहिल्या संध्याकाळी तीनदा विचारलं, प्रवास बरा झाला ना." तो घाईने पुढे म्हणाला, "पण माझा त्यांच्यावर राग नाही. लिहून घ्या तसं. म्हातारं माणूस आहे."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मित्राकडे. आइन नाव त्याचं. नदीकाठी त्याचा सौना आहे. काइरेला बरं नव्हतं. म्हणाली, तू जा. गेलो. वाफ घेतली, बिअर झाली, थंडी फार म्हणून तिथेच झोपलो."

"निघालात तेव्हा झडप उघडी होती की बंद?"

"मला काय माहीत?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तिथे इतक्या मुठी आहेत. कोणती कशाची ते मला कळत नाही. मी नळातल्या गरम पाण्याने तापणाऱ्या घरात वाढलो, बाई. भट्टीला मी कधी हात लावला नाही."

"सकाळी आलात तेव्हा?"

"दाराला काच आहे. काचेतून दिसली. खाली पडलेली. मी तसाच धावत आत शिरलो. तिला हलवलं, ओरडलो. मग फोन केला."

"तसाच?"

"तसाच. दुसरं काय करणार?"

"मुलं?"

चुलीतली आग मंदावली होती. तार्मो वाकला, चुलीच्या वरची अर्धी आत ढकललेली लोखंडी पट्टी पुरती बाहेर ओढली, मग लोखंडी दार उघडलं, खालच्या ढिगातला एक ओंडका साल वरच्या बाजूला येईल असा आत सारला आणि दार लावलं. धुराची एक रेघही बाहेर आली नाही.

"एक मुलगी होती," तो म्हणाला. "पिरेत. गाडी बर्फावरून घसरली. गाडी मी चालवत होतो."

"काइरे काय म्हणाली?"

"काही नाही." त्याने कप खाली ठेवला. "तिने मला कधीच काही म्हटलं नाही."

हेल्वेने वही मिटली. "सध्या एवढंच. आइनकडेच राहा. गाव सोडू नका."

आइनने फोनवर सगळ्याला दुजोरा दिला. तार्मो संध्याकाळी आला, रात्रभर तिथेच होता.

"त्या दोघांचं कसं होतं?" हेल्वेने विचारलं.

"काइरे देवमाणूस होती हो. पोरगी गेली तरी याच्यावर एकदा आवाज चढवला नाही. माझ्यासमोर याचा हात धरून म्हणायची, तुझा काही दोष नाही. पिरेत गेली त्या तारखेला म्हणायची, वाढदिवसाला म्हणायची. माझी बायको असती तर मला उभा चिरला असता."

"आणि तार्मो?"

"तो ऐकून घ्यायचा. मान खाली घालून."

कचेरीत परत जाताना उर्मास गाडी चालवत होता. रस्ता काचेसारखा होता, म्हणून हळू.

"बाई, हा माणूस संध्याकाळपासून नदीकाठी होता. मग घरात राहिली फक्त म्हातारी."

"वायूला कुणी शेजारी बसायला लागत नाही, उर्मास. झडप लावायची आणि निघायचं. बाकी काम तो एकटा करतो."

"पण त्याला भट्टीतलं काही कळत नाही म्हणतो."

"म्हणतो खरा." हेल्वे खिडकीबाहेर बघत होती. "त्याचे बूट कुठे होते?"

"पायपुसण्यावर. तुम्हीच पाहिलेत."

"नाड्या सोडलेल्या, टाचेला टाच लावलेली. आणि तो म्हणतो, तसाच धावलो."

उर्मासने भुवया वर केल्या. "मी सकाळी तेच म्हटलं ना. आपल्याला सवयच असते."

"असते. म्हणून तर आपल्या दोघांनाही ते दिसलं नाही. तू काढलेस, मी काढले, त्याचे काढलेले बघून वेगळं काही वाटलंच नाही. परदेशातला पोलीस असता तर दारातच अडखळला असता."

"न्यायाधीशही इथलेच आहेत, बाई. ते म्हणतील, सवय."

"म्हणतील. ठसे नाहीत, साक्षीदार नाही. आहे ती एक म्हातारी, आणि ती स्वतःच्याच विरुद्ध बोलतेय." हेल्वेने काचेवरची वाफ पुसली. "उद्या त्याला सामान न्यायला बोलाव. वरच्या खोलीत. आणि तिथली भट्टी पेटव."

"कशाला?"

"खोली गार आहे म्हणून," हेल्वे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार्मो जिना चढून आला. पायपुसण्यावर बूट काढले आणि आत आला. हेल्वे खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, कोट अंगावरच. मागे जाड पडदा ओढलेला. पलंगावर काइरेची सूटकेस उघडी होती, शेजारी तिचे कपडे.

"घड्या तुम्हीच घाला," हेल्वे म्हणाली. "बायकोचे कपडे परक्या माणसाने हाताळू नयेत."

तार्मो पुढे झाला. भट्टीच्या दाराच्या फटीतून लालसर उजेड जमिनीवर पडला होता. त्याने तो पाहिला. मग त्याची नजर वर गेली. तिन्ही मुठी आत ढकललेल्या होत्या, म्हणजे बंद.

त्याने स्वेटर उचलला.

"भट्टी कुणी पेटवली?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"उर्मासने. त्याच्याही घरी नळच आहेत. पण जमवली बिचाऱ्याने. छान ऊब आहे, नाही का?"

"हो."

"बसा की जरा."

"नको. आटपतो आणि निघतो."

त्याने दोन स्वेटर एकत्रच कोंबले. एक हातमोजा खाली पडला, तो उचलायला तो वाकला नाही. कपाळावर घाम आला होता.

"खिडकी उघडू का?"

"अहो, बाहेर वजा बावीस आहे. ऊब जाईल सगळी." हेल्वेने जांभई दिली. "कालपासून डोळ्याला डोळा नाही. डोकं जड झालंय नुसतं."

"मग बाहेर चला, बाई. मोकळ्या हवेत."

"जाऊ सावकाश. काइरेलाही डोकेदुखीच होती ना?"

तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

तार्मो सूटकेस बंद करून दारापर्यंत गेला. हात कडीवर ठेवला. तो तसाच बाहेर पडला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं, आणि हेल्वेच्या हाती पुन्हा काही उरलं नसतं.

"बाई," तो म्हणाला. "ओ बाई."

ती हलली नाही.

सूटकेस धाडकन खाली पडली. दोन ढांगांत तो भट्टीशी आला, हात वर केला आणि डावीकडची सोडून, मधली सोडून, उजवीकडची मूठ खाडकन बाहेर ओढली. मग हेल्वेच्या दंडाला धरून तिला उठवायला लागला. "उठा! उठा म्हणतो ना! मराल इथे!"

हेल्वेने डोळे उघडले. ते अगदी जागे होते.

"नाही मरणार," ती म्हणाली. मागचा पडदा तिने बाजूला केला. खिडकी सताड उघडी होती. "पण उजवीकडचीच का ओढलीस, तार्मो?"

दार उघडून उर्मास आत आला होता. तार्मोने दोघांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. पंजाला काजळी लागली होती.

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"तू म्हणालास, भट्टीला कधी हात लावला नाही," हेल्वे म्हणाली. "काल खाली चुलीत ओंडका घातलास. दार उघडायच्या आधी धुराड्याची पट्टी ओढलीस, नाहीतर तोंडावर धूर येतो. साल वर ठेवलीस. फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस असं करत नाही. हे हात लहानपणी शिकलेले आहेत."

"आजीकडे," तार्मो म्हणाला. "व्होरूजवळच्या खेड्यात. शाळेत जाईपर्यंत तिथेच होतो."

"तिथेच मला कळलं की तू खोटं बोललास. आणि या एवढ्याच गोष्टीत खोटं का बोलावं? पण तेवढ्याने तू झडप लावलीस असं होत नाही. मग बूट. काचेतून ती पडलेली दिसली, तसाच धावलो, असं तू म्हणालास. धावणाऱ्याचे बूट फळ्या ओल्या करतात. इथे ओले ठसे होते ते रुग्णवाहिकेचे. तू दारात वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्यास, बूट जुळवून ठेवलेस आणि मग आत आलास. कारण घाई करण्यासारखं काही उरलं नाही हे तुला माहीत होतं."

"सवय आहे ती," तार्मो पुटपुटला, पण त्यात जोर नव्हता.

"कोर्टात मीही तेच ऐकलं असतं. म्हणून आज तुला बोलावलं. कोणती मूठ कशाची ते माहीत नाही, असं तू माझ्या तोंडावर सांगितलंस. आत आल्या आल्या तू निखारे पाहिलेस, मग वर पाहिलंस, आणि तुला घाम फुटला. तिन्ही बंद होत्या. तू एकीलाच हात घातलास. बरोबर तिलाच."

"मी बाहेर गेलो असतो तर?"

"तर मी हरले असते. पण मला वाटलं, तू दुसऱ्यांदा कुणाला तसं सोडून जाणार नाहीस."

खिडकीतून बोचरी हवा येत होती. कुणी ती लावायला उठलं नाही.

"म्हातारी वर आली तेव्हा मी खुर्चीत होतो," तार्मो म्हणाला. "निखारे बघून म्हणाली, पुन्हा येते. मी वाट पाहिली. ती आली नाही. खाली जाऊन पाहिलं तर बसल्या जागी पेंगत होती. मग वर आलो. काइरे झोपली होती. लावली आणि गेलो."

"ठरवूनच आला होतास?"

"आलो तेव्हा नाही. पहिल्या संध्याकाळी म्हातारीने तेच तेच विचारलं, तेव्हा डोक्यात आलं." तो काजळी पँटला पुसत राहिला. "झोपायच्या आधी काइरेने माझा हात धरला. परवा पिरेत गेल्याचा दिवस होता. म्हणाली, तुझा दोष नाही रे. रोज म्हणायची. रोज, बाई. एकदा शिवी दिली असती. एकदा तोंडावर थुंकली असती, तर मी तिच्या पायाशी पडून राहिलो असतो जन्मभर. पण ती माफ करायची. सकाळी उठलो की तिच्या डोळ्यांत ते तयार असायचं."

"सोडून जायचंस."

"तेही माफ केलं असतं तिने."

उर्मासने खिशातून बेड्या काढल्या. हेल्वेने त्याला हाताने थांबवलं.

"एक सांगते, मग जा. जीव गेल्याचा दोष डोक्यावर घेऊन जगणं काय असतं ते तुला ठाऊक होतं. या गावात तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. आणि तेच तू उचलून एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवलंस."

तार्मोने मान वर केली. "मी म्हटलं होतं ना, लिहून घ्या. माझा तिच्यावर राग नाही म्हणून."

"म्हणजे तूही माफच केलंस तिला," हेल्वे म्हणाली.

उर्मास त्याला खाली घेऊन गेला. जाताना पायपुसण्यावर थांबून त्याने बूट घातले. नाड्या बांधायला त्याला खूप वेळ लागला.

हेल्वे तशीच खाली स्वयंपाकघरात गेली. साल्मेसमोर बसून तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, तुम्ही नाही लावली झडप. त्याने लावली. नवऱ्याने. त्याने कबूल केलंय."

"मी नाही?"

"तुम्ही खाली आलात आणि पुन्हा वर गेलाच नाहीत. इथे डोळा लागला तुमचा."

"मी नाही," साल्मे म्हणाली. मग ती रडली, लहान मुलासारखी, आवाज करून. शेजारणीने कोबीचं सूप गरम केलं. साल्मेने वाटीभर प्यायलं, वर पावाने वाटी पुसून घेतली. हेल्वेला त्या दिवशी आपली नोकरी वाया गेली नाही असं वाटलं.

तार्मोला पुढे शिक्षा झाली. साल्मेवर खटला झालाच नाही. पण विस्तवाजवळ आता तिला एकटीला कोण ठेवणार? वाटाणा गल्लीतल्या घराला कुलूप लागलं आणि साल्मेला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेलं. नदीवरचा बर्फ तडकायला लागला होता त्या सुमाराला हेल्वे तिला भेटायला गेली. बरोबर दालचिनीचे गोल पाव नेले होते.

साल्मेने तिला ओळखलं नाही. पण कोटावरचा बिल्ला ओळखला.

"पोलीस ना? बरं केलंस, पोरी. मी केव्हाची वाट बघतेय. मला घेऊन चल."

"कुठे, मावशी?"

"माझ्या हातून एक पोरगी मेली. झडप लवकर लावली मी."

दारातली परिचारिका हळू आवाजात म्हणाली, "रोज हेच. आम्ही सांगतो, तासभर शांत राहतात. मग पुन्हा. जेवण तर सोडलंच आहे. तुमच्या त्या उर्मास साहेबांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. ते वाचतात आणि म्हणतात, कुणीतरी दया येऊन लिहिलंय."

हेल्वेने खुर्ची ओढली. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बूट, चुलीतला ओंडका, उजवीकडची मूठ. साल्मे नीट ऐकत होती. मध्येच योग्य तो प्रश्नही विचारत होती. हळूहळू तिचा चेहरा सैल पडला.

"म्हणजे मी नाही?"

"नाही."

"देवा." तिने डोळे पुसले, पावाचा तुकडा मोडला, तोंडात घातला. "गोड आहे गं. थांब, तुला कॉफी ठेवते."

ती उठली आणि चूल शोधायला लागली. इथे चूल नव्हती. भिंतीला पांढरा लोखंडी नळ होता, तो आपोआप तापायचा. साल्मेने त्यावर हात ठेवला. ऊब लागली तशी ती थांबली. हेल्वेला फक्त तिची पाठ दिसत होती.

मग ती वळली. तिच्या हातात अजून पावाचा तुकडा होता. तो तिने जपून टेबलावर ठेवला.

"पोरी," ती म्हणाली, "तू कोण आहेस ते मला माहीत नाही. पण जरा पोलिसांना बोलाव. वर एक पोरगी झोपलीय."